शिरगणती कोणाच्या कामाची?

छोट्या बेटराष्ट्रांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानी पडते: 'मूठभर जमीन आणि बेसुमार माणसे, मग दुसरे काय व्हायचे?' बोलणारी व्यक्ती बहुधा सुशिक्षित असते, सहृदयही असते. आपण कोणाचा अधिक्षेप करीत आहोत असे तिच्या मनातही येत नाही. उलट एक शास्त्रीय सत्य सांगितल्याचे समाधान तिच्या मुद्रेवर विलसत असते. याच्या दुसऱ्या टोकाला आपल्याच धर्मग्रामांतून ऐकू येणारे एक वाक्य आहे: 'लोकसंख्येचे आकडे म्हणजे संततिनियमनवाल्यांचा कावा, आपण त्यात पडू नये.' पहिल्या वाक्यात माणूस हा बेटावरचा बोजा ठरतो. दुसऱ्यात माणसांची मोजदाद करणे हेच जणू पाप ठरते. माझे भांडण या दोन्ही वाक्यांशी आहे, कारण दोहोंचा परिणाम एकच होतो. बेटावरच्या माणसाला पाणी किती लागेल, त्याच्या मुलांना शाळा किती लागतील, म्हातारपणी त्याला कोण सांभाळील, हे प्रश्न विचारायचे राहूनच जातात.

१९९४ हे वर्ष या संदर्भात आठवण्याजोगे आहे. त्या वर्षी एप्रिल-मे महिन्यांत बार्बाडोसमधील ब्रिजटाऊन येथे छोट्या बेटराष्ट्रांच्या शाश्वत विकासासाठी पहिली जागतिक परिषद भरली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कैरो येथे लोकसंख्या आणि विकास या विषयावर परिषद झाली. आपल्या वाचकांना दुसरी अधिक आठवत असेल, कारण गर्भपाताच्या प्रश्नावरून व्हॅटिकनने तिथे घेतलेली ठाम भूमिका त्या वेळी वृत्तपत्रांतून गाजली होती. पहिलीची आठवण फारशी कोणाला नाही. तिथे चर्चा चालली होती ती सांडपाण्याची, प्रवाळाची, वादळांची आणि गोड्या पाण्याची, आणि अशा विषयांवर कोणी हमरीतुमरीवर येत नाही. माझ्या मते बेटांवरच्या लोकसंख्येचा खरा प्रश्न ब्रिजटाऊनला होता. कैरोच्या गदारोळात तो कोणाच्या लक्षात राहिला नाही, इतकेच.

मॉरिशसचे उदाहरण घेऊ. आपल्या दृष्टीने हे बेट परके नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून जहाजे भरून जे करारबद्ध मजूर तिथल्या उसाच्या मळ्यांत गेले, त्यांत कोकणातील मराठी माणसेही होती, आणि त्यांचे वंशज आजही तिथे मराठी शिकतात, गणेशोत्सव साजरा करतात. दुसऱ्या बाजूला, तिथल्या लोकांचा मोठा हिस्सा कॅथलिक आहे. म्हणजे भाषेच्या नात्याने आणि श्रद्धेच्या नात्याने, दोन्ही वाटांनी आपण त्या बेटाशी जोडलेले आहोत.

दुसऱ्या महायुद्धानंतर या बेटावर हिवतापाविरुद्ध मोहीम झाली. घरोघरी डीडीटी फवारले गेले, आणि ज्या तापाने पिढ्यान्‌पिढ्या माणसे मारली तो दोन-तीन वर्षांत जवळजवळ नाहीसा झाला. मृत्यूचे प्रमाण झपाट्याने घसरून निम्म्याच्या आसपास आले. जन्माचे प्रमाण मात्र होते तिथेच राहिले. १९५२ च्या खानेसुमारीत पाच लाखांच्या आसपास असलेली लोकसंख्या १९६२ मध्ये पावणेसात लाखांच्या पुढे गेली. दहा वर्षांत तिसऱ्या हिश्शाहून अधिक वाढ! बेट तेवढेच, ऊस तोच, साखरेचे गिऱ्हाईकही तेच. त्यातच १९६० च्या 'कॅरोल' वादळाने हजारो घरे भुईसपाट केली. ब्रिटिश सरकारने दोन विद्वानांना पाचारण केले. अर्थतज्ज्ञ जेम्स मीड, ज्यांना पुढे १९७७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, आणि समाजनीतीचे अभ्यासक रिचर्ड टिटमस. दोघांचेही अहवाल १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले. मीड यांचा सूर निराशेचा होता. या बेटाचा शांततेने विकास होईल अशी आशा त्यांना फारशी दिसत नव्हती. टिटमस आणि त्यांचे सहकारी यांनी इशारा दिला तोही कडकच होता, परंतु त्यांच्या अहवालाच्या नावातच समाजनीती आणि लोकसंख्यावाढ ही दोन्ही एकत्र नांदत होती. कुटुंबनियोजनाची सेवा आणि गरीब कुटुंबांना सुरक्षितता देणारी व्यवस्था या गोष्टी एकमेकींपासून तोडता येणार नाहीत, असे त्यांचे प्रतिपादन होते.

पुढे काय झाले ते आज सर्वांना ठाऊक आहे. १९६० च्या सुमारास तिथल्या स्त्रीला सरासरी सहाच्या घरात मुले होत असत. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी हा आकडा साडेतीनच्या खाली आला, आणि १९८० च्या दशकात दोनवर. आज तो दीडहूनही कमी आहे, आणि साडेबारा लाखांच्या आत असलेली लोकसंख्या घटू लागली आहे. हा दाखला लोकसंख्यानियंत्रणाच्या प्रत्येक व्याख्यानात दिला जातो. 'पाहा, मॉरिशसने पाळणा लांबवला आणि बेट तरले!'

हे अर्धसत्य आहे, आणि अर्धसत्याइतकी उपद्रवी गोष्ट दुसरी नसते. व्याख्याते सांगत नाहीत ते असे. त्या बेटावर १९५८ पासून प्रत्येक वृद्धाला, मिळकतीची चौकशी न करता, निवृत्तिवेतन मिळत होते. म्हातारपणाची काठी म्हणून पाच-सहा मुले हवीत, हा हिशेब तिथल्या गरिबाला करावा लागला नाही. मुली शाळेत गेल्या, त्यांच्या लग्नाचे वय वाढले. १९७७ पासून माध्यमिक शिक्षणही मोफत झाले. १९७० च्या कायद्याने निर्यातीसाठी कारखान्यांना सवलती मिळाल्या आणि कापडगिरण्यांत हजारो स्त्रियांना स्वतःची कमाई मिळाली. १९७५ च्या लोमे करारान्वये युरोपने दरवर्षी सुमारे पाच लाख टन साखर ठरलेल्या चढ्या भावाने विकत घ्यायचे मान्य केले. या सगळ्यांना वगळून पाळण्यालाच श्रेय देणे म्हणजे ताटातल्या मिठाला जेवण म्हणणे होय.

आणि कुटुंबनियोजनाची कथाही व्याख्यात्यांना वाटते तशी नाही. १९५७ मध्ये तिथे कुटुंबनियोजन संघटना स्थापन झाली तेव्हा कॅथलिकांनी आणि मुसलमानांनीही विरोध केला होता. वाद विधिमंडळापर्यंत गेला. परंतु ख्रिस्तसभेने नुसता नकार देऊन स्वस्थ बसणे पत्करले नाही. १९६३ मध्ये 'आक्स्यों फामिलियाल' ही संस्था उभी राहिली. विवाहित जोडपी इतर जोडप्यांच्या घरी जाऊन नैसर्गिक पद्धतीचे शिक्षण देऊ लागली. सरकारने दोन्ही संस्थांना अनुदान दिले. कोणावर सक्ती झाली नाही. त्यानंतर बारा-तेरा वर्षांनी आपल्या देशात आणीबाणीच्या काळात नसबंदीच्या नावाखाली जे घडले, त्याच्याशी याची तुलना करून पाहावी. आकडे त्या बेटावरही होते आणि आपल्याकडेही होते. तिथे आकडा दाखवून माणसांना विचारले गेले. इथे आकडा दाखवून माणसांना पकडून नेले गेले. म्हणूनच 'आकड्यांच्या भानगडीत पडू नये' असे म्हणणाऱ्या आपल्या बांधवांना माझे सांगणे आहे की, मॉरिशसच्या कॅथलिकांनी आकडे नाकारले असते, तर त्यांच्या विवेकाला जागा देणारी ती दुसरी वाट निघालीच नसती.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात, काहींच्या बेसुमार उपभोगाकडे काणाडोळा करून लोकसंख्यावाढीला दोष देणे ही मूळ प्रश्नाला दिलेली बगल आहे, असे बजावले आहे. आपल्याकडे हे विधान वारंवार उद्‌धृत होते. पण त्याच परिच्छेदात, एखाद्या प्रदेशात लोकसंख्या असमतोलाने दाटली तर पर्यावरणाच्या, वाहतुकीच्या, कचऱ्याच्या अडचणी उभ्या राहतात, हेही मान्य केलेले आहे. तो भाग मात्र आपण वाचताना ओलांडून जातो.

शिरगणतीचे खरे सामर्थ्य एकूण आकड्यात नसते. ते वयाच्या कोष्टकात असते. १९६२ च्या मॉरिशसमध्ये दर पाच जणांत दोघांहून अधिक मुले पंधरा वर्षांच्या आतली होती. हे कोष्टक समोर ठेवले की बेटाचे पुढचे साठ वर्षांचे पंचांग हाती येते. १९६२ मध्ये जन्मलेली मुलगी १९६८ मध्ये शाळेच्या दारात उभी राहणार, १९८० च्या सुमारास काम मागणार आणि २०२२ मध्ये साठी गाठणार. यासाठी ज्योतिषाची गरज नाही. शाळांच्या बाबतीत मॉरिशसच्या राज्यकर्त्यांनी हे पंचांग वाचले. कारखान्यांच्या बाबतीतही वाचले. साठीचे पान मात्र कोणी उलटले नाही. प्रत्येक निवडणुकीत निवृत्तिवेतन वाढवण्याची चढाओढ चालली, आणि जून २०२५ च्या अंदाजपत्रकात अकस्मात घोषणा झाली की हे वेतन साठऐवजी टप्प्याटप्प्याने पासष्टाव्या वर्षापासून मिळेल. कामगार संघटना रस्त्यावर उतरल्या. ज्या बायका १९८५ मध्ये विशीत कापडगिरणीत उभ्या राहून राबल्या, ज्यांच्या श्रमावर बेटाची कीर्ती जगभर झाली, त्याच २०२५ मध्ये साठीला टेकल्या होत्या. तिजोरीवरचा भार खोटा होता असे मी म्हणत नाही. पण तो भार येणार हे साठ वर्षे कागदावर लिहिलेले असताना तो त्यांच्याच पिढीच्या माथी एका भाषणात मारणे, याला नियोजन म्हणता येईल काय?

याच बेटावर शिरगणतीची आणखी एक चमत्कारिक कथा आहे. मॉरिशसच्या संविधानाने नागरिकांचे चार समुदाय कल्पिले: हिंदू, मुस्लिम, चिनी वंशाचे, आणि राहणीवरून या तिन्हींत न बसणारे ते सारे 'सामान्य लोक'. निवडणुकीनंतर अल्पसंख्य समुदायांना न्याय मिळावा म्हणून आठपर्यंत जास्तीच्या जागा पराभूत उमेदवारांतून भरल्या जातात. त्या कोणाला द्यायच्या हे समुदायांच्या संख्येवरून ठरते. १९८२ मध्ये समुदायाचा प्रश्न खानेसुमारीतून काढून टाकण्यात आला. हेतू चांगला होता: माणसांनी स्वतःला जातीजमातींत मोजू नये. परंतु जागा वाटण्याची पद्धत तशीच राहिली, आणि ती आजही १९७२ च्या आकड्यांवर चालते. अर्ध्या शतकापूर्वीच्या, आणि त्यांतल्या कित्येक जणांचे केव्हाच देहावसान झालेले आहे अशा माणसांच्या मोजणीवरून, आज जिवंत असलेल्यांचे प्रतिनिधित्व ठरवले जाते!

त्यातही 'सामान्य लोक' हा रकाना पाहण्यासारखा आहे. फ्रेंच वंशाचे मळेमालक आणि गुलामांचे वंशज असलेले क्रिओल कोळी व मजूर, बेटावरचे अतिश्रीमंत आणि अतिदरिद्री, एकाच रकान्यात. दोघेही बहुसंख्येने कॅथलिक; म्हणजे एकाच मिस्साला पहिल्या बाकावरचा आणि शेवटच्या बाकावरचा. त्यांची सरासरी काढून कोणता सत्यबोध होणार? १९९३ मध्ये फादर रोजे सेर्वो या धर्मगुरूने क्रिओल समाजाची व्यथा जाहीरपणे मांडली तेव्हा सारे बेट हादरले. त्या वेळी बेटावर समृद्धीचे वारे वाहत होते, विकासाचे आलेख चढते होते, आणि या समाजाची मुले शाळेतून गळत होती. आलेखांत ती दिसत नव्हती, कारण ती कुठल्याच रकान्यात स्वतंत्रपणे नव्हती.

इथे विवेकी माणसाची पंचाईत होते हे मी जाणतो. समुदायानुसार मोजावे तर फूट पक्की होते. न मोजावे तर अन्याय लपतो. माझे स्वतःचे मत असे की, वंश विचारण्यापेक्षा वस्ती विचारावी. अमुक वस्तीतील किती घरांत नळाला पाणी येते, किती मुले प्राथमिक परीक्षेत अडकली, किती घरांचे छप्पर पत्र्याचे आहे, हे वस्तीवार मोजून प्रसिद्ध केले तर कोणाच्या आजोबांचे कूळ न काढताही दुःख उघडे पडते. १९६० च्या वादळानंतर बांधलेल्या वसाहतींपासून याचा आरंभ करता येईल. आणि रॉड्रिग्ज? मॉरिशसपासून साडेपाचशे किलोमीटरहून अधिक अंतरावरचे, शंभरेक चौरस किलोमीटरचे हे बेट त्याच राष्ट्राचा भाग आहे. सुमारे चव्वेचाळीस हजार लोकवस्ती, जवळजवळ सारी कॅथलिक, आणि पाण्याची सदैव ओढ. राष्ट्राच्या सरासरीत ते बुडून जाते. उलटपक्षी, जे शिरगणतीत नाहीत ते वर्षभर पाणी वापरतात: २०२४ मध्ये मॉरिशसला तेरा लाखांहून अधिक पर्यटक आले, म्हणजे रहिवाशांहूनही अधिक. ते थोडेच दिवस राहतात हे खरे. पण त्यांची न्हाणीघरे, त्यांचे तलाव, त्यांचा कचरा बेटालाच पेलावा लागतो. 'माणसे फार झाली' म्हणणाऱ्याने आधी सांगावे, कोणती माणसे?

आता शिरगणतीच्या सर्वांत काळ्या उपयोगाकडे वळतो. मॉरिशसच्या ईशान्येला दोन हजारांहून अधिक किलोमीटरवर चागोस द्वीपसमूह आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस नारळाच्या बागांसाठी तिथे गुलाम आणले गेले. त्यांची लेकरेबाळे तिथेच वाढली. तिथे चर्च होते, दफनभूमी होती. १९६५ मध्ये, मॉरिशसला स्वातंत्र्य देण्यापूर्वी तीन वर्षे, ब्रिटनने हा समूह मॉरिशसपासून तोडला, कारण दिएगो गार्सिया हे बेट अमेरिकेला लष्करी तळासाठी हवे होते. अडचण एकच होती: तिथे सुमारे दीड हजार माणसे राहत होती. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेनुसार पारतंत्र्यातील प्रदेशाच्या जनतेविषयी राज्यकर्त्या देशावर काही जबाबदाऱ्या येतात. जनताच नसेल तर त्या येत नाहीत. म्हणून ब्रिटिश अधिकाऱ्यांनी कागदोपत्री अशी मांडणी केली की, तिथे कायमचे रहिवासी कोणीच नाहीत, आहेत ते मुदतीचे मजूर. पिढ्यान्‌पिढ्यांच्या कबरी असलेल्या भूमीवर रहिवासी शून्य! जी माणसे औषधोपचारासाठी मॉरिशसला आली होती त्यांना परतीचे जहाजच मिळाले नाही. उरलेल्यांना १९७३ पर्यंत हलवण्यात आले. त्यांची कुत्री विषारी वायूने मारण्यात आली.

ही माणसे बव्हंशी कॅथलिक होती. मी हे सहानुभूती मागण्यासाठी सांगत नाही. 'आकड्यांत आपण पडू नये' या वृत्तीचे उत्तर म्हणून सांगतो. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिले की चागोस वेगळे काढताना मॉरिशसच्या वसाहतमुक्तीची प्रक्रिया कायदेशीरपणे पूर्ण झाली नव्हती. मे २०२५ मध्ये ब्रिटनने सार्वभौमत्व सोपवण्याच्या करारावर सही केली, तीही दिएगो गार्सियावरचा तळ नव्याण्णव वर्षे राखून. एका खोट्या शून्यामुळे झालेला अन्याय करारापर्यंत पोहोचायला पन्नासहून अधिक वर्षे गेली. आपली मोजणी दुसऱ्याच्या हाती असली की असे होते.

मोजणी खरी असूनही शहाणपण कसे हरवते, याचे उदाहरण पॅसिफिक महासागरातील किरिबाती देते. (या देशातही निम्म्याहून अधिक लोक कॅथलिक आहेत.) १९३० च्या दशकाच्या अखेरीस, तो प्रदेश गिल्बर्ट बेटे म्हणून ब्रिटिशांच्या ताब्यात असताना, हॅरी मॉड या अधिकाऱ्याने दक्षिणेकडील बेटांवरची दाटी पाहून तिथल्या कुटुंबांना निर्जन फिनिक्स बेटांवर वसवण्याची योजना राबवली. माणसे मोजली, जमीन मोजली, भागाकार केला. मॉड सज्जन होते, बेटवासीयांची भाषा जाणत होते. पण फिनिक्स बेटांवर पाऊस बेभरवशाचा. वारंवार पडलेल्या दुष्काळांनी वसाहतवाले मेटाकुटीला आले आणि १९६३ पर्यंत ती वसाहत मोडून त्यांना सॉलोमन बेटांवर पुन्हा नव्याने बिऱ्हाड मांडावे लागले. भागाकारात पाणी धरलेच नव्हते.

आजच्या किरिबातीत सुमारे एक लाख वीस हजार माणसे आणि आठशे दहा चौरस किलोमीटर जमीन आहे. म्हणजे दर चौरस किलोमीटरला दीडशे. दाटी म्हणावी असे काहीच नाही. परंतु जमिनीचा जवळजवळ निम्मा भाग एकट्या किरितिमाती बेटाचा, जिथे देशातील थोडीच माणसे राहतात. आणि देशातील निम्म्याहून अधिक माणसे दक्षिण तारावाच्या चिंचोळ्या पट्टीवर, जिथे दाटी चौरस किलोमीटरला चार हजारांच्या आसपास जाते. प्रवाळखडकात मुरलेले पावसाचे पाणी खाली खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. हा पातळ थर म्हणजेच तिथली विहीर आणि तोच तलाव. त्यावर घरे उभी राहिली, शौचकूप खणले गेले, डुकरे बांधली गेली की तो थर नासतो. उपसा वाढला की खालून खारे पाणी चढते. ही माणसे तारावाला का येतात? कारण इस्पितळ तिथे, वरची शाळा तिथे, सरकारी नोकरी तिथे, धक्का तिथे. हे सारे एकाच ठिकाणी ज्यांनी बांधले त्यांनी गर्दी बोलावली, आणि आता गर्दीलाच दूषणे दिली जातात. बाहेरच्या बेटांवरून दरवर्षी किती मुले कोणत्या इयत्तेसाठी तारावाला येतात, एवढे एक कोष्टक जरी धोरण ठरवणाऱ्यांनी समोर ठेवले, तरी कोणत्या बेटावर आधी माध्यमिक शाळा आणि बोटीची नियमित फेरी हवी, हे कळून येईल. पाण्याच्या टाकीइतकीच ती शाळा पाण्यासाठी उपयोगी पडेल. समुद्र चढतो आहे हे मात्र त्यांच्या गर्दीमुळे नव्हे. साऱ्या छोट्या बेटराष्ट्रांचा मिळून जगाच्या धुरातला वाटा एक टक्क्याहूनही कमी आहे.

जगाची देणगीची पेटीही दरडोई सरासरीवरच उघडते आणि मिटते. २० डिसेंबर २००४ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने मालदीवला अतिमागास देशांच्या यादीतून वर काढण्याचा निर्णय घेतला. सहाच दिवसांनी त्सुनामी आली. निर्णय पुढे ढकलावा लागला आणि शेवटी २०११ मध्ये अमलात आला. मोजक्या माणसांत पर्यटनाचे उत्पन्न भागले की दरडोई आकडा फुगतो. पण एका लाटेत सारे बुडू शकते, हे त्या भागाकारात कुठेच नसते. बेटराष्ट्रांनी अनेक वर्षे आग्रह धरल्यानंतर २०२४ मध्ये आमसभेने असुरक्षितता मोजणारा एक बहुअंगी निर्देशांक मान्य केला. तो कर्ज आणि मदत देणाऱ्या संस्थांनी वापरला तरच त्याला अर्थ. न वापरल्यास तो आणखी एक कागद.

शेवटी तुवालूविषयी. सुमारे दहा हजार वस्तीच्या या राष्ट्राने २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाशी करार केला; तो २०२४ मध्ये अमलात आला. त्यानुसार दरवर्षी २८० तुवालूवासीयांना सोडत काढून ऑस्ट्रेलियात कायम वास्तव्याचा हक्क मिळतो. २०२५ च्या पहिल्या सोडतीसाठी कुटुंबीयांसह साडेआठ हजारांहून अधिक जणांनी नावे नोंदवली. ऑस्ट्रेलियाच्या वृत्तपत्रांनी हा आकडा करुणेने छापला, आणि ती करुणा खोटी नव्हती. पण २८० हा आकडा कोणत्या बाजूने मोजायचा? ऑस्ट्रेलियाच्या बाजूने तो नगण्य आहे. तुवालूच्या बाजूने तो दरवर्षी शेकडा अडीच-पावणेतीन आहे, आणि सोडत ही वय पाहत नाही, व्यवसाय पाहत नाही. २०२५ च्या अखेरीस जे पहिले स्थलांतरित ऑस्ट्रेलियात उतरले त्यांत एक दंतवैद्य होता, एक पाद्रीही होता. जाण्याचा त्यांचा हक्क कोणी हिरावू नये. परंतु फुनाफुतीच्या सरकारी कचेरीत आज या एका प्रश्नाची नोंद ठेवणारी वही असायला हवी: गेलेल्यांच्या मागे, आठ-नऊ बेटांवर मिळून, किती दंतवैद्य उरले, किती परिचारिका, किती शिक्षक, आणि त्यांतील किती जणांची नावे पुढच्या सोडतीत आहेत?